ज्यांना दुखत नाही त्यांची गोष्ट

मालवणजवळच्या आमच्या गावी जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार होत असे, आजही होतो. त्याची संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते आणि नट प्रसंगाला शोभेल असे उत्स्फूर्त बोलत जातात. लहानपणी अर्धवट झोपेत पाहिलेला एक प्रसंग मला अजून आठवतो. परशुराम शिष्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले आहेत. एक किडा कर्णाची मांडी पोखरतो आहे. रक्त वाहते आहे, पण गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हूं की चूं करत नाही. रक्ताच्या ओलाव्याने परशुराम जागे होतात आणि म्हणतात, इतकी वेदना ब्राह्मणाला सोसणार नाही, तू क्षत्रिय आहेस. पुढे शाप आणि सगळी शोकांतिका.

आम्हा मुलांना मात्र शापापेक्षा त्या मांडीचे कौतुक अधिक होते, कारण आमच्या वाडीतही एक कर्ण होता. वय झालेला एक माणूस, आम्ही त्याला आबा म्हणायचो. आबा चुलीतला निखारा बोटांनी उचलून विडी पेटवत. उकळत्या पेजेचा टोप फडके न घेता उतरवत. आम्ही एकमेकांना सांगायचो, "तेका दुखणाच नाय!" त्यांची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले होते, पायाला कायमचे फडके गुंडाळलेले असे आणि त्यांना चहा वेगळ्या करवंटीत मिळे. या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे तेव्हा आमच्या डोक्यात आले नाही.

वेदना न होणारा माणूस ही कल्पना कथाकारांना फार पूर्वीपासून आवडत आली आहे. प्रल्हादाला सर्पदंश जाणवत नाही, कारण त्याचे चित्त विष्णूपाशी आहे. स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाच्या २००६ सालच्या कादंबरीत असा एक धिप्पाड खलनायक आहे. मार्च २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मर्द को दर्द नहीं होता' या हिंदी चित्रपटाचा मुंबईकर नायक जन्मतःच वेदनाहीन आहे. चित्रपटाचे नाव १९८५ च्या 'मर्द' मधल्या गाजलेल्या संवादावरून घेतलेले आहे. नायक असो की खलनायक, या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान आहे: दुखत नाही म्हणजे ताकद आहे. विज्ञानाचा इतिहास काय सांगतो ते आता पाहू.

पहिल्यांदा एक गल्लत दूर केली पाहिजे. कर्णाला वेदना होत होत्या, त्याने त्या सोसल्या. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार रणांगणावरचा. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडाच्या लढाईत ढाल तुटल्यावर तानाजीने डाव्या हाताचीच ढाल केली, असे सभासद बखर सांगते. यात अतिशयोक्ती असेल, पण अशक्य असे काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर गंभीर जखमी सैनिकांना विचारत, वेदनाशामक हवे का? सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. बीचर यांनी ही निरीक्षणे १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की मेरुरज्जूत जणू एक फाटक असते आणि मेंदू ते लोटून वेदनेचे संदेश अडवू शकतो. १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूसारखी द्रव्ये सापडली. म्हणजे लढणाऱ्या माणसाच्या चेता शाबूत असतात, संदेश निघतो, पण काही वेळापुरता तो अडवला जातो. लढाई संपली की तो पोहोचतोच.

तिसरा प्रकार वेगळा आहे. इथे संदेश निघतच नाही. आबा या प्रकारातले होते.

सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा ज्यांनी छापून आणला, त्यांत हॅरी ॲक्वर्थ हे इंग्रज अधिकारी होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला. हेच ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि १८९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांसाठी मुंबईत आश्रयस्थान उभे राहिले. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. जखमांची पर्वा न करणाऱ्या वीरांचे पोवाडे गोळा करणारा माणूस आणि जखमा खरोखरच न जाणवणाऱ्यांसाठी छप्पर उभारणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

कुष्ठरोगात स्पर्श हरवतो हे आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानी सांगितली आहे. मात्र ती का होते याचा शोध एकोणिसाव्या शतकात सुरू झाला आणि त्यात मुंबई इलाख्याचा वाटा मोठा आहे. 'ग्रेज ॲनाटॉमी' या १८५८ च्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. कुष्ठरोग्यांच्या शवविच्छेदनात त्यांना हातापायांच्या चेता सुजून जाड झालेल्या दिसल्या. म्हणजे रोग केवळ कातडीचा नव्हता. १८७३ मध्ये नॉर्वेच्या आर्मोअर हान्सेन यांनी या रोगाचे जंतू पाहिले. माणसाच्या रोगाशी जोडला गेलेला हा अगदी सुरुवातीचा जीवाणू. त्याच वर्षी कार्टर नॉर्वेला जाऊन आले.

हा जीवाणू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला थोडी थंड जागा मानवते, म्हणून जिथे चेता कातडीलगत येते, उदाहरणार्थ कोपराच्या मागे किंवा घोट्याजवळ, तिथे तो घर करतो. कोपरामागची चेता गेली की करंगळीकडची बाजू बधीर होते आणि ती दोन बोटे आत वळतात. आबांची बोटे वळली होती ती यामुळे.

तरीही एक प्रश्न उरत होता. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात, असे सर्वजण धरून चालले होते. डॉक्टरसुद्धा. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. त्यांनी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. एका मुलाने गंजलेल्या कुलपातली किल्ली जोर लावून फिरवली. कुलूप उघडले, पण त्याच्या बोटाची कातडी फाटून हाड दिसू लागले होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर बोटे कुरतडत होते. यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली! ब्रँड यांचा निष्कर्ष असा, की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा, भाजणे आणि चिघळणे यांनी ती हळूहळू नष्ट होतात. म्हणजे ती वाचवता येतात. मऊ रबराची एमसीआर चप्पल, रोज हातपाय न्याहाळण्याची सवय, वळलेली बोटे सरळ करणाऱ्या शस्त्रक्रिया हे सारे या विचारातून पुढे आले.

पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रे बसवली. दाब वाढला की कानात आवाज होई. रुग्ण तिकडे दुर्लक्ष करू लागले. मग आवाजाऐवजी विजेचा धक्का ठेवला. तेव्हा एखादे अवघड काम करायच्या आधी रुग्ण यंत्रच बंद करून ठेवत. खऱ्या वेदनेला बंद करण्याचे बटन नसते, आणि तिचा उपयोग नेमका त्यातच आहे.

जन्मतः वेदना न जाणवणारी माणसेही असतात, पण फार विरळा. १९३२ मध्ये डिअरबॉर्न या अमेरिकन डॉक्टरांनी एका माणसाची नोंद केली. तो रंगमंचावर उभा राहून प्रेक्षकांकडून अंगात टाचण्या टोचून घेई. २००६ मध्ये केंब्रिजच्या जेफ्री वूड्स आणि सहकाऱ्यांनी उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात एका मुलापासून झाली होती. तो रस्त्यावर खेळ करी, दंडातून सुरी आरपार घाली आणि निखाऱ्यांवरून चाले. वयाची चौदा वर्षे होतात न होतात तोच घराच्या छपरावरून उडी मारल्याने तो गेला. त्याच्या नात्यातल्या मुलांच्या जिभा आणि ओठ लहानपणी स्वतःच चावल्यामुळे जखमी झाले होते. या सर्वांत एससीएन९ए नावाचे जनुक बिघडलेले सापडले. वेदनेच्या चेतापेशीत सोडियमचे आयन आत सोडणारी एक वाहिनी या जनुकावरून तयार होते. ती नसेल तर संदेशाची ठिणगीच पडत नाही. या शोधाने वेदनाशामकांचे संशोधन सोडियम वाहिन्यांकडे वळले. तिच्याच भावंड वाहिनीला अडवणारे, अफूशी संबंध नसलेले एक औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

कथेतला वेदनाहीन माणूस अजिंक्य असतो. प्रत्यक्षातला चौदाव्या वर्षी जातो, किंवा करवंटीतून चहा पितो.

आबांच्या तरुणपणी उपाय म्हणून कडू कवठीच्या बियांचे तेल होते. कोकणात ही झाडे आहेत. त्या तेलाची इंजेक्शने दुखत आणि फारसा गुण येत नसे. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि तेव्हापासून हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण गेलेली चेता परत येत नाही. म्हणून लवकर ओळखणे हेच खरे काम. डिसेंबर २००५ मध्ये भारतात रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. त्याचा अर्थ रोग संपला असा अनेकांनी घेतला. देशात अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात आणि त्यांत शाळेत जाणारी मुलेही असतात.

मी बारावीत असताना आबांनी मला एक गोष्ट सांगितली. ते चौथीत होते तेव्हा त्यांच्या हातावर एक फिकट चट्टा होता. मास्तर डाव्या हातावर छडी मारत. इतर मुले हात झटकत, रडत. आबा शांत उभे राहत, कारण हाताच्या त्या बाजूला त्यांना काही कळतच नसे. मास्तरांनी त्यांना निगरगट्ट ठरवले आणि छड्या वाढवल्या. मुलांनी शूर ठरवले. "दोघांकय वाटला नाय, ह्याका दुखणा कशाक नाय तां इचारूया," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते मला जास्त लागले. परशुरामानेही शिष्याच्या न हललेल्या मांडीवरून त्याची जात ठरवली होती. गुरूने गप्प राहिलेल्या शरीरावरून स्वभाव ठरवायचा, ही चूक फार जुनी आहे.

आज शाळेत छडी नाही आणि औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. शिक्षकाच्या नजरेची गरज मात्र तेवढीच आहे. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, भाजल्याची किंवा कापल्याची खूण असून ते कधी झाले हे त्याला सांगता येत नसेल, करंगळी वळू लागली असेल किंवा हातातून खडू वारंवार पडत असेल, तर त्याला बाजूला घ्या. डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीचे टोक आधी निरोगी कातडीला आणि मग चट्ट्याला हलकेच लावा, कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. सुई वापरू नका. कळत नसेल तर वर्गात वाच्यता न करता पालकांना घेऊन आरोग्य केंद्रात जा. मुलाला शाळेतून दूर ठेवायचे कारण नाही, कारण औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच संपते.

वर्गात वेदनेचा पाठ घेताना एक प्रश्न मुलांना जरूर विचारा: वेदना नसतीच तर बरे झाले असते का? बहुतेक मुले आधी हो म्हणतील. मग त्यांना गंजलेल्या कुलपाची गोष्ट सांगा.