तीन पौंडांचा प्रवासी आणि बऱ्हाणपूरचा राजघाट

नकाशावर कर्कवृत्त दाखवताना मी उज्जैनवर बोट ठेवतो. वृत्त जाते ते तिच्या किंचित उत्तरेने. त्याच्या दक्षिणेचा सारा मुलूख उष्ण कटिबंधातला, म्हणजे बऱ्हाणपूर, रावेर, जळगाव हे सगळे त्यातच आले. आपल्या शिवारातली केळी हा त्याचा रोजचा पुरावा. तरीही उष्ण कटिबंधातल्या सहलींच्या जाहिराती येतात त्या बँकॉकच्या आणि बालीच्या, सोप्या हप्त्यांसकट. ज्याला परवडते त्याने जरूर जावे. पण आमच्या शाळेत सहलीची सूचना वर्गातून फिरली, की चार-दोन मुले हळूच येऊन सांगतात, "सर, घरी लग्न आहे." लग्न वगैरे काही नसते. वडील केळीच्या गाडीवर हमाली करतात, एवढेच असते. तेव्हा थोड्या पैशांत हिंडावे कसे, हा प्रश्न आम्हा सीमेवरच्या शिक्षकांना जाहिरातवाल्यांपेक्षा जवळचा आहे, आणि त्याचे उत्तर मला इतिहासात सापडते.

शाही किल्ल्याच्या पायथ्याशी तापीचा राजघाट आहे. पात्रात दगडी हत्ती उभा आहे. पावसाळ्यात हत्ती किती बुडाला यावरून गावकरी पुराचा अंदाज घेतात. पलीकडच्या तीरावर जैनाबाद. तिथल्या आहूखान्यात १६३१ साली मुमताजमहलला प्रथम दफन केले होते. काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला आणि कीर्तीही तिकडेच गेली. असो. आपल्याला महत्त्वाचे हे, की सुरतेहून आग्र्याकडे जाणारा मोठा रस्ता या बऱ्हाणपुरातून जात असे. त्यामुळे राजे, सावकार, फकीर आणि फिरंगी सगळे या गावाने पाहिले.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो ऑक्टोबर १६१५ च्या अखेरीस सुरतेहून निघाला आणि पंधरा दिवसांत इथे पोचला. पावसाळा सरला, वाटा सुकल्या, उन्हाळ्याला अवकाश आहे. दसऱ्यानंतर मोहिमेला निघण्याची आपली रीत याच हिशेबाची. कोतवालाने रोचे वाजतगाजत स्वागत केले आणि त्याला एका सराईत नेऊन सोडले. सराईचा दरवाजा दगडी, देखणा. आतल्या चार खोल्या मात्र विटांच्या, वर गोल, भट्टीएवढ्या, अशी त्याची तक्रार. शेवटी त्याने स्वतःचे तंबू ठोकले. त्याला इथे तापही भरला. सुभ्यावर असलेल्या शहजादा परवेझला त्याने दारूच्या बाटल्यांची पेटी नजर केली, आणि शहजादा ती पिऊन असा पडला की ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. इतका लवाजमा, इतका खर्च, आणि पदरात हे!

हाच रो पुढे अजमेरजवळ आपल्या एका देशबांधवाला भेटला. टॉमस कोरियट त्याचे नाव. हा गृहस्थ हलबहून अजमेरपर्यंत बहुतेक पायी आला होता. दहा महिन्यांत खर्च किती, तर तीन पौंड. तेव्हाच्या भावाने पंचवीसेक रुपये. त्यातलेही दहा शिलिंग वाटेत लोकांनी फसवून घेतले. खाणे इतके स्वस्त, की कित्येकदा एका पेनीत दिवस निघे, असे तो स्वतः लिहितो. रोला हा फाटका सोबती फारसा शोभेसा वाटला नाही. कोरियटने जहांगीरपुढे फारसीत भाषण ठोकून शंभर रुपये मिळवले, तेव्हा देशाची अब्रू घालवलीस म्हणून रोने त्याला झापले. मला विचाराल तर झापणारा स्वतः राजाच्या पैशावर फिरत होता!

कोरियटची काटकसर एकट्याच्या हुशारीची नव्हती. तो तांड्याबरोबर चालला आणि दुसऱ्यांनी बांधलेल्या आसऱ्यांना टेकला. दुसरे भांडवल भाषेचे. रोचा पाद्री टेरी सांगतो, की वकिलाच्या बिऱ्हाडात एक भांडखोर धोबीण होती. कोरियटने एका सकाळी हिंदुस्तानीत तिच्याशी असा वाद घातला की आठाच्या आत तिची वाचा बसली. आमच्या मुलांना घरी लेवा बोली किंवा तडवी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी येते. रिक्षावाल्याशी भाव करायला त्यांना वाटाड्या लागत नाही. डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेस कोरियट वारला. पोट बिघडलेले असतानाही स्वदेशी मंडळींच्या आग्रहाने तो दारू प्याला होता. फुकटचा पाहुणचार कधी कधी असा महागात पडतो.

आता बऱ्हाणपुरात प्रवाशासाठी कोणी काय केले ते पाहा. जहांगीरच्या काळात इथे अकबरी सराई उभी राहिली. त्याआधी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत कुंडी भांडारा झाला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवायचे, शंभराहून अधिक विहिरी भुयाराने जोडायच्या आणि उतारानेच ते शहरात आणायचे. मोट नाही, रहाट नाही. ज्या प्रवाशाला पाणी विकत घ्यावे लागत नाही, त्याचा निम्मा खर्च तिथेच वाचतो. हिंदी दोह्यांचा रहीम म्हणून पाठ्यपुस्तकात भेटणारा हाच माणूस, हे सांगितले की मुलांचे डोळे मोठे होतात.

म्हणून यंदा मार्गशीर्षात आम्ही बऱ्हाणपूरलाच जाणार आहोत. रावेरहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येते. स्टेशन गावाबाहेर लालबागेत, त्यामुळे आधी कुंडी भांडारा, मग जामा मशीद. तिथला संस्कृत लेख मुलांकडून वाचून घ्यायचा. अरबीच्या शेजारी देवनागरी पाहणे हाच एक तास. दुपारी राजघाटाच्या पायऱ्यांवर शिदोरी सोडायची, नंतर शाही किल्ला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही, याची पालकांनी नोंद घ्यावी. वहीत खर्चाचे तीनच रकाने आखले आहेत: रेल्वे, रिक्षा आणि माव्याची जिलबी. पाण्यात उतरायचे नाही, हत्ती काठावरूनच पाहायचा, एवढी सक्त ताकीद. जिलबीचा रकाना शाळा भरेल.