चांदीला फुटणारा तुरा

बंगळूरच्या जुन्या पेठेत सराफी दुकानांच्या मागे, लहानशा खोल्यांतून गलाईच्या भट्ट्या चालतात. त्यांपैकी अनेक भट्ट्यांपुढे बसलेल्या माणसाची घरची भाषा मराठी असते. १६३८ च्या स्वारीनंतर शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली, तिच्याशी या मंडळींचा काही संबंध नाही. ती सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची; त्यांना घराबाहेर काढले ते अवर्षणाने. वंशपरंपरेचे सोनार ते नव्हेत. बहुतेक शेतकऱ्यांची मुले. सोने-चांदी गाळण्याची विद्या शिकून देशभरच्या सराफ पेठांत पांगली.

गलाईवाल्यापुढे मोडीचे पैंजण, वाळे, करंडे येतात. ते शोऱ्याच्या तेजाबात विरघळवून त्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदी भुकटीच्या रूपाने तळाशी बसते. तेजाबाच्या तांबूस वाफा छातीत जातात, तो भाग निराळाच. भुकटी धुऊन, वाळवून मुशीत घातली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. आणि वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू शोषून घेते. थिजताना तो वायू उसळून बाहेर पडतो. थेंब उडतात, लगडीवर फोड व खड्डे पडतात, क्वचित कोंबासारखा तुरा उभा राहतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदी एक चतुर्थांश शिसे घालून शोधावी असे सांगितले आहे, आणि वर आलेली शेंडी, नितळपणा, चकाकी व दह्यासारखा रंग ही शुद्धतेची लक्षणे दिली आहेत. ती शेंडी म्हणजे हाच तुरा असावा. कारण तांब्याचे हीण उरले असेल तर ते प्राणवायू धरून ठेवते आणि चांदी मुकाट्याने थिजते.

प्राचीन पारख्याला जी ग्वाही वाटे, ती आजच्या गिऱ्हाइकाला खोट वाटते! त्याला लगड आरशासारखी हवी. गंमत अशी की, हिणकस चांदीला असा चेहरा देणे सोपे. शुद्ध चांदीला तो द्यायचा तर हाताला वळण लागते. मुशीत टाकणखार टाकून रसावर लाकडी कोळशाचा थर ठेवावा लागतो, म्हणजे हवेशी संबंध तुटतो. साचा आधी तापवून त्याला काजळी धरतात. साचा थंड असला तर लगडीच्या अंगावर वळ्या पडतात. ओलसर असला तर रस उसळून ओतणाऱ्याच्याच अंगावर येतो. धार एकदा सुरू झाली की तुटू द्यायची नाही. साचा भरल्यावरही पृष्ठभागावर धुरकट पिवळी ज्योत फिरवीत राहायचे, म्हणजे खालची चांदी आधी थिजते आणि वरचा थर सर्वांत शेवटी, सावकाश.

आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत, तरी धारेचा अंदाज हातालाच घ्यावा लागतो. लगड निवली की सराफ ती उजेडात धरतो, तिच्यात आपले तोंड पाहतो, आणि मग छिन्नीने तिचा एक कोपरा तोडून कस लावावयास धाडतो.