आर्नोकाठचे सरण

महाराष्ट्रातील गावगाड्यात अंत्यसंस्काराची सिद्धता हा शोकाकुल घराने एकट्याने उचलावयाचा भार नव्हता. मृत्यूची वार्ता कळताच भाऊबंद, म्हणजे एकाच कुळातील पुरुष, जमत. कळकांची तिरडी, म्हणजे शव वाहून नेण्याची शिडीवजा ताटी, तेच बांधीत. मडके कुंभाराकडून येई आणि लाकडे व गोवऱ्या रचून नदीकाठी सरण, म्हणजे चिता, उभे राही. अर्थात ही सोय जातीच्या चौकटीतली होती आणि स्मशानेही बहुधा जातवार वेगळी असत. परंतु त्या चौकटीत कोणाची परवानगी मागण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

तो प्रश्न एका छत्रपतींच्या बाबतीत उद्भवला. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे ऐन विशीत निवर्तले. हे शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. तेथे मृतांना पुरण्याचीच रीत होती आणि दहनाला कायद्यात जागा नव्हती, त्यामुळे ब्रिटिश वकिलातीच्या मध्यस्थीने खास अनुमती मिळवावी लागली. स्थळ मात्र कोल्हापूरकरांना सहज उमगावे असे निवडले गेले. कोल्हापूरच्या राजघराण्यातील समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत, आणि पंचगंगा ही स्वतःच अनेक नद्यांच्या संगमातून सिद्ध झालेली नदी. फ्लॉरेन्समध्ये कॅशिने उद्यानाच्या टोकाला मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो, त्या संगमावर रात्रीच्या वेळी सरण रचून महाराजांना अग्नी देण्यात आला. गाव, घाट आणि कुंभारासारखे बलुतेदार यांपैकी काहीही नसताना संगम तेवढा राखला गेला, यावरून या विधीत अपरिहार्य काय मानले जात होते, ते दिसते.

इटलीतील पुढच्या दहन-चळवळीचे मूळ या घटनेत शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांचे दहनभट्टीचे प्रयोग १८६९ सालीच सुरू झाले होते. त्यांमागे आरोग्यशास्त्र होते, आणि चर्चच्या वर्चस्वाला विरोधही होता. २२ जानेवारी १८७६ रोजी मिलान येथे आल्बेर्तो केलर यांच्या शवाचे दहन झाले ते बंदिस्त भट्टीत, वायूच्या ज्योतींवर. उघड्या चितेशी त्याचे नाते फक्त परिणामापुरते होते. रोमच्या चर्चने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली आणि ती १९६३ पर्यंत टिकली.

फ्लॉरेन्सच्या त्या संगमाजवळ १८७४ मध्ये चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा छत्रीखाली बसविण्यात आला. ती छत्री चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली असून, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकारही तेच होते. शंभर वर्षांनंतर जवळच आर्नोवर मोठा पूल बांधला गेला, त्याला फ्लॉरेन्सकर ‘इंदियानो’चा, म्हणजे त्या भारतीयाचा, पूल म्हणतात, राजाराम हे नाव त्यात नाही.