एका वैद्यकीय सूत्राची शंभर वर्षें

पहिलें मूल पोट चिरून काढावें लागलें. आतां दुसरें बाळंतपण नैसर्गिक रीतीनें होईल काय, असा प्रश्न घेऊन कित्येक स्त्रिया एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे जातात आणि अनेक ठिकाणीं नकार ऐकून परततात. हा नकार केव्हां योग्य आणि केव्हां निव्वळ सवयीचा, हें ओळखण्यास त्यामागील इतिहास जाणून घेतला पाहिजे.

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनीं १९१६ सालीं एका व्याख्यानांत सांगितलें कीं, एकदां सिझेरियन झालें म्हणजे पुढें नेहमीं सिझेरियनच. त्या काळीं हें निराधार नव्हतें. लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनीं १८८२ सालीं गर्भाशयाला नीट टाके घालण्याची रीति प्रसिद्ध केली व या शस्त्रक्रियेंतून माता वांचूं लागल्या. परंतु छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेतला जाई. प्रसूतिवेदनांत हाच भाग जोरानें आकुंचन पावतो आणि जुना वण उसवण्याचें भय राहतें. तथापि क्रेगिन यांचा मुख्य रोख पहिली शस्त्रक्रियाच उठल्यासुटल्या करूं नये, याकडे होता. नियमाला अपवाद असतात, हेंहि त्यांनीं मान्य केलें होतें. लोक इशारा विसरले आणि नियम तेवढा लक्षांत राहिला.

पुढें वणाची जागाच बदलली. ग्लासगोचे मन्रो कर यांनीं गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. त्यांचा याविषयींचा लेख १९२६ सालीं निघाला. हा वण पुष्कळ अधिक टिकाऊ ठरला. तरीहि अमेरिकेंत जुनें सूत्र टिकून राहिलें. १९८० सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेनें योग्य स्त्रियांना नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करूं द्यावा, असा कौल दिला. पूर्वीं सिझेरियन झालेल्या स्त्रियांत अशा प्रसूतीचें प्रमाण १९८५ सालीं शेंकडा ५ च्या आसपास होतें, तें १९९६ सालीं शेंकडा २८ झालें.

प्रयत्न वाढले, तशा दुर्घटना आणि खटलेहि वाढले. २००१ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील पाहणी प्रसिद्ध झाली. वेदना आपोआप सुरू झाल्यास गर्भाशय फाटण्याचें प्रमाण हजारीं सुमारें ५, तर प्रोस्टाग्लँडिन औषधानें आणल्यास हजारीं सुमारें २५ आढळलें. औषध जपून वापरावें, हा यांतील एक उघड बोध. पण कित्येक रुग्णालयांनीं दारच लावून घेतलें. २००६ पर्यंत प्रमाण शेंकडा ९ च्याहि खालीं आलें. २०१० सालीं पुन्हां परिषद भरली आणि आडवा वण असलेल्या अनेक स्त्रियांना हा प्रयत्न वाजवी पर्याय आहे, असें ठरलें. प्रयत्न करणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० ते ८० जणींना यश येतें. उलट, दर नव्या सिझेरियनबरोबर वार गर्भाशयाला घट्ट चिकटून राहण्याचा धोका वाढत जातो.

तेव्हां डॉक्टर निवडतांना पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा. गर्भाशयावरील छेद कसा होता, हें पोटावरच्या कातडीवरून कळत नाहीं. मध्यरात्रीं भूल देणारा डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि रक्त यांची सोय होईल काय, हें विचारावें. जेथें ही सोय नाहीं, तेथील नकार प्रामाणिक समजावा. जेथें सोय असूनहि, वण कसला हें न पाहतांच नकार मिळतो, तेथें १९१६ चें सूत्रच बोलत असतें.