भयविनोदी चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून : ‘द क्वाएट फॅमिली’ (१९९८)

प्रस्तावना

डोंगरातल्या एका नव्या लॉजवर बरेच दिवस कोणी फिरकत नाही. अखेर एक गिऱ्हाईक येते आणि दुसऱ्या दिवशी खोलीत मृत सापडते. त्याने आत्महत्या केलेली असते. पोलिसांना कळवले तर धंदा बसेल, या भीतीने लॉज चालवणारे कुटुंब ते प्रेत रानात पुरते. पुढे एक जोडपे उतरते. त्याचीही तीच गत होते. पुरण्याचे काम वाढत जाते आणि प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसू लागतो.

किम जी-वून या दक्षिण कोरियन दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट एप्रिल १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील सोंग कांग-हो आणि चोई मिन-सिक हे नट पुढे अनुक्रमे ‘पॅरासाइट’ आणि ‘ओल्डबॉय’मुळे जगभर ओळखले गेले. असा चित्रपट मजेसाठीच पाहावा. पण ती मजा घेऊन झाल्यावर एक प्रश्न उरतो: यातून त्या काळाविषयी काय कळते?

पार्श्वभूमी : १९९७ चे संकट

जानेवारी १९९७ मध्ये हानबो हा पोलाद उद्योगसमूह कर्जाखाली कोसळला. त्याच वर्षी किया ही मोटार कंपनी अडचणीत आली. वर्षअखेरीस परकीय चलनाचा साठा आटला. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ८५० वॉन पडत. डिसेंबरात हा भाव २,००० च्या जवळ गेला. ३ डिसेंबर १९९७ रोजी सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. एकूण मदत सुमारे ५८ अब्ज डॉलरची होती. त्यात नाणेनिधीचा वाटा सुमारे २१ अब्जांचा होता.

यानंतर कामगारकपात कायद्याने सोपी झाली. बेरोजगारीचे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांवरून १९९८ मध्ये सुमारे ७ टक्क्यांवर गेले. देशाचे कर्ज फेडण्यासाठी लोकांनी रांगा लावून घरातले सोने दिले. ते २०० टनांहून अधिक भरले. कोरियन लोक आजही त्या काळाला थोडक्यात ‘आयएमएफ’ म्हणतात.

एक मोहक निष्कर्ष

चित्रपटातील वडिलांची नोकरी गेलेली आहे. हाताशी असलेला पैसा त्यांनी लॉजमध्ये घातला आहे. भाऊ, बायको, मुलगा आणि दोन मुली, सगळे त्याच्यावरच अवलंबून आहेत. हे वाचताच विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात: ‘हा चित्रपट १९९७ च्या संकटावरील प्रतिक्रिया आहे.’

तारखा पाहू. करार आणि प्रदर्शन यांत पाच महिनेही नाहीत. पटकथा, भांडवल, चित्रीकरण आणि संकलन एवढ्या अवधीत उरकणे अवघड. म्हणजे कथेची कल्पना संकटाच्या आधीची. मग चित्रपट निरुपयोगी साधन ठरतो का? नाही, उलट तो अधिक बोलका ठरतो. एका मोठ्या कंपनीत लागले की जन्माची सोय झाली, हा विश्वास नाणेनिधी येण्यापूर्वीच तडकला होता, याची खूण त्यात सापडते. नोकरी गेलेला मध्यमवयीन माणूस छोटा धंदा काढतो, ही गोष्ट सांगायला लेखकाला डिसेंबर १९९७ ची वाट पाहावी लागली नाही.

विनोद नेमका कुठे आहे?

हे कुटुंब क्रूर नाही. प्रत्येक पाऊल त्यांना त्या क्षणी व्यवहार्य वाटते. लॉजजवळून रस्ता जाईल आणि गिऱ्हाईक वाढेल, या आशेवर ते तग धरून असतात. रस्त्याचे काम खरोखर येते, तेव्हा ते नेमके पुरलेल्या प्रेतांच्या जागेवर येते. मग प्रेते पुन्हा उकरा आणि दुसरीकडे हलवा! रस्ते आणि कारखाने यांच्या जोरावर वर आलेल्या देशात विकासाची वाट पाहणाऱ्या माणसाची ही थट्टा आहे. पहिल्यांदा पाहताना मी फावड्यांना हसलो. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष वडिलांच्या चेहऱ्यावर राहिले. ‘कंपनीत लागलो की सुटलो’ असे मानणाऱ्या अखेरच्या वर्षाच्या मुलांना मी रोज शिकवतो, म्हणूनही असेल.

निर्मितीचा काळ आणि पाहण्याचा काळ

प्रत्येक साधनाला दोन काळ असतात. ‘द क्वाएट फॅमिली’ रचला गेला तेव्हा वडिलांची बेकारी हे एका घराचे दुर्दैव म्हणून सांगता येत होते. तो पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात तीच गोष्ट घडत होती. चित्रपट बदलला नाही. त्याच्याभोवतीचा देश बदलला. मात्र ते प्रेक्षक कशासाठी हसले, हे चित्रपट एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी त्या आठवड्यांतील परीक्षणे, मुलाखती आणि पत्रे वाचावी लागतात.

सारांश एवढाच: कलाकृतीला संकटाचा ‘परिणाम’ ठरवण्यापूर्वी तारखा तपासा, आणि हसू आले म्हणून साधन हलके समजू नका.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या भाषेतील एखादा विनोदी चित्रपट निवडा. त्याच्या निर्मितीचा काळ आणि प्रदर्शनाचा काळ यांत काय बदलले होते?
२. त्या चित्रपटातील पोटापाण्याची चिंता पडताळण्यासाठी आणखी कोणती साधने वापराल?