काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत

विवाह हा संस्कार होय आणि संस्काराला शेवट नसतो, अशी आपल्या समाजाची पूर्वापार भावना आहे. म्हणून वधूवरांच्या नोंदी छापणाऱ्या या स्मरणिकेत घटस्फोटाचा विषय यावा, हे काही वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी व चाकण या कारखानदारी पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पंचांसमक्ष मुद्रांकाच्या कागदावर सोडचिठ्ठी लिहून झाली, आता मुलीचे वा मुलाचे दुसरे लग्न करण्यास हरकत काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो.

काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द आपल्या भाषेत नवे नव्हेत. धर्मशास्त्राच्या ग्रंथांवर चालणाऱ्या जातींत विवाह अतूट मानला जाई. परंतु कष्टकरी जातींपैकी अनेकींत काडीमोड व त्यानंतर पाट लावणे या रीती रूढ होत्या. इंग्रजी अंमलाच्या आरंभी आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातिजातींचे रिवाज गोळा करून १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांत या चालींची नोंद आहे. आपल्या पूर्वजांची पंचायत अशा रीतीने दुःखी संसारातून सुटकेचा एक दरवाजा उघडा ठेवीत असे, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

ज्यांना हा दरवाजा नव्हता त्यांची गत रखमाबाईंच्या खटल्यात दिसते. बालपणी झालेल्या लग्नास त्यांनी संमती नाकारली. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पतीकडे नांदावयास जा, नाहीतर तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला. १८८८ साली आपसात तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. परंतु घटस्फोट मागण्याची सोय त्या काळच्या कायद्यात त्यांच्यासाठी नव्हतीच.

पंचायतीच्या अधिकारालाही याच सुमारास मर्यादा पडली. जातीने विवाह रद्द ठरवावा किंवा पती हयात असता स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी द्यावी, हा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असा निर्णय १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. पुढे बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १९३१ साली घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली आणि १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा केला. शेवटी १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा देशात लागू झाला.

या कायद्याच्या कलम २९ने जुन्या रिवाजांना जागा ठेवली आहे, आणि गैरसमज येथूनच उद्भवतो. रिवाजाने मिळणारा घटस्फोट कायद्याने पुसला नाही, हे खरे. परंतु असा रिवाज आपल्या जातीत पूर्वापार व अखंड चालत आला आहे, हे त्याचा आधार घेणाऱ्याने न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच सांगितले. मुद्रांक, नोटरीचा शिक्का व पंचांच्या सह्या यांनी रिवाज सिद्ध होत नाही. तो सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो आणि दुसरा आरंभापासूनच रद्द ठरतो.

त्याची झळ बहुधा स्त्रीला बसते. पहिली पत्नी हयात असलेल्या पुरुषाशी विधिपूर्वक लग्न केलेल्या महाराष्ट्रातील एका स्त्रीस पत्नी म्हणून पोटगी मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला. पहिले लग्न लपवून फसविल्या गेलेल्या स्त्रीस पोटगी मिळू शकते, असे त्याच न्यायालयाने २०१३ साली म्हटले. अशा विवाहाची संतती कायद्याने औरस मानली जाते. तरीही एका कागदाच्या भरवशावर मुलीचे आयुष्य टांगणीला का लावावे?

आता नेहमीच्या शंकांकडे वळतो. लग्न मराठवाड्यात वा खानदेशात झाले, संसार चाकणला झाला, तर दावा कोठे लावावा? जेथे लग्न झाले, जेथे दोघे शेवटी एकत्र राहिली, किंवा जेथे प्रतिपक्ष राहतो, तेथे लावता येतो. २००३ सालापासून अर्जदार पत्नीस आपल्या राहत्या ठिकाणीही दाद मागता येते. १९८४च्या कायद्यान्वये स्थापन झालेले कुटुंब न्यायालय पुण्यास आहे. ज्या भागात असे न्यायालय नाही, तेथे दिवाणी न्यायालयात जावे.

दोघांची संमती असल्यास? १९७६च्या दुरुस्तीने ही वाट मोकळी झाली. वर्षभर विभक्त राहून संयुक्त अर्ज करावा व सहा महिन्यांनी त्याला दुजोरा द्यावा. योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येते, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. एकाचीच इच्छा असल्यास क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग इत्यादी कारणे शाबीत करावी लागतात.

पोटगी किती? तिला ठरीव आकडा नाही. २०२०च्या निर्णयाप्रमाणे दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय होते. मुलीचे दागिने व भेटवस्तू हे तिचे स्त्रीधन होय; ते सासरी ठेवलेले असले तरी तिचेच. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहते. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास, विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत मदत मिळू शकते.

मग ज्ञातीच्या वडीलधाऱ्यांना काम उरले नाही काय? उरले आहे, आणि मोठे आहे. दोघांस समोरासमोर बसवावे, शक्य तर संसार सांधावा. सांधत नसेल तर दागिने, मुले व पोटगी यांची प्रामाणिक तडजोड लिहून घ्यावी आणि ती घेऊन दोघांस न्यायालयात पाठवावे. निवाडा मात्र आपण देऊ नये. न ऐकणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकणे हा तर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने, २०१७पासून, गुन्हा आहे.

पूर्वजांनी काडीमोड ठेवली ती माणसाच्या सुटकेसाठी. त्या हेतूशी इमान राखावयाचे तर, न्यायालयाचा हुकूमनामा हाती आल्यावाचून व अपिलाची मुदत संपल्यावाचून कोणत्याही घराने दुसऱ्या लग्नाच्या अक्षता वाटू नयेत, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे.