झाकण आणि प्रश्न

इतिहास पुस्तकात असतो की घरात? आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तरी हा प्रश्न काही सुटला नाही. चैत्राच्या सुमारास ज्यू लोकांचा वल्हांडण सण येतो, तेव्हा तो हमखास आठवतो.

सणाची कथा अनेकांना ठाऊक असेल. मिसर देशातल्या गुलामगिरीतून मोशेने आपल्या लोकांना बाहेर काढले. निघायची घाई अशी की कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून इस्राएलमध्ये सात दिवस आणि बाहेर आठ दिवस बेखमीर भाकर खायची, खमिराचे काही घरात ठेवायचेसुद्धा नाही. गंमत अशी की या सणाचा मुख्य विधी, सेदेर, घरी जेवणाभोवती होतो. कडू पाला म्हणजे गुलामीचा कडवटपणा, मिठाचे पाणी म्हणजे अश्रू. सर्वांत लहान मूल विचारते की आजची रात्र वेगळी का, आणि मग वडीलधारे सारा इतिहास सांगतात. मुलाने विचारल्यावर धडा सुरू होतो! आम्ही शिक्षक मात्र धडा संपल्यावर प्रश्न विचारत आलो.

आता आपल्या कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले आणि मराठी बोलू लागले. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात सणांची जुनी मराठी नावे आहेत. वल्हांडणाच्या सणाचे नाव 'अनाशी ढाकाचा सण'. 'अनास' म्हणजे आंबट रसाचे भांडे. ते या सणात झाकून ठेवायचे. मिसर, मोशे, खमीर यांची गोष्ट विस्मृतीत गेली, पण आंबट भांड्यावरचे झाकण राहिले. स्वयंपाकघराने जपलेला इतिहास याहून वेगळा काय असतो?

गोष्ट परत आली ती पुस्तकातून. कोचीनचे ज्यू शिक्षक आणि मिशनरी यांच्यामुळे हिब्रूची ओळख पुन्हा झाली. सेदेरच्या रात्री वाचायचा 'हगादा' मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात.

माझ्या लहानपणी पेणला आमच्या आळीत असे एक कुटुंब होते. सणाआधी भिंतींना चुना लागे, भांड्यांना कल्हई होई. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचे सरबत असे. मी कारण विचारले की काकू हातातले काम न थांबवता सगळे सांगत. आमच्या घरी तेच विचारले तर "असंच करतात" एवढेच उत्तर मिळे.

१९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे १९६२ च्या सुमारास धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करायचे फर्मान काढले. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांनाच तुम्ही ज्यू कशावरून, असे विचारले गेले! अखेर १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेमला धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला.

प्रश्न मुलाचाही असतो आणि अधिकाऱ्याचाही. एकात जाणून घ्यायची ओढ असते, दुसऱ्यात संशय. या समाजाने दोन्हींना तोंड दिले. पुस्तक नव्हते तेव्हा झाकणाने सांभाळले, आणि झाकणाचा अर्थ विसरला तेव्हा पुस्तकाने सांगितला. म्हणून मला वाटते, दोन्ही हवीत.

आपल्याही घरांत अशी कितीतरी झाकणे आहेत. नातवंडांनी "हे का?" म्हणून विचारले, तर निदान आपल्याला ठाऊक आहे तेवढे तरी सांगावे. असो.